कृमीला जीवाणू चारा आणि जनुक गप्प करा: आरएनएआयचा प्रयोग, पहिल्या बशीपासून

एम.एस्सी.च्या मुलांना आरएनए इंटरफिअरन्स (आरएनएआय), म्हणजे दुपेडी, दोन धाग्यांच्या आरएनएने जनुक गप्प करण्याचा प्रकार, तोंडपाठ असतो. डायसर कापतो, आर्गोनॉट धरतो, जनुकाचा निरोप नेणारा संदेशवाहक आरएनए तुटतो, दहा गुण मिळतात. पण आपल्या हाताने एखादं जनुक गप्प केलंय आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिलाय, असं सांगणारे त्यांच्यात फार थोडे निघतात. याचं वाईट वाटतं, कारण हा प्रयोग करायला ना मोठं यंत्र लागतं, ना सुई टोचण्याचं कौशल्य. ऑटोक्लेव्ह, शेकर, बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट), बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि दहा दिवसांची चिकाटी एवढं पुरतं.

प्राणी आहे सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. कुजणाऱ्या फळांवर आणि पालापाचोळ्यात सापडणारा, जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक सूत्रकृमी. तो जीवाणू खातो, आणि आपण त्याचा फायदा उठवणार आहोत: ज्या जीवाणूंच्या पोटात दुपेडी आरएनए भरलेला आहे असे जीवाणू त्याला चारायचे. जनुक निवडू अन्क-२२. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ साली ज्या शोधनिबंधातून ही यंत्रणा जगापुढे आणली, त्यातही हेच जनुक होतं. ते गप्प झालं की कृमीचे स्नायू थरथरायला लागतात. मोजमाप नको, यंत्र नको; भिंगाखाली बघितलं की कळतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हाताचं काम सोपं आहे. माणूस फसतो तो शेवटी, बशीत काहीच वेगळं दिसत नाही तेव्हा. त्या ‘काहीच नाही’चा अर्थ लावता यावा म्हणून सगळी तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते. म्हणून या लेखात कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बशांवर, मी जरा जास्तच बोलणार आहे.

दुपेडीच का?

फायर-मेलोंच्या आधी लोक एकपेडी ‘उलटा’ (संदेशाला जुळणारा) आरएनए टोचून जनुक दाबायचा प्रयत्न करत. १९९५ साली गुओ आणि केम्फ्यूस यांनी पार-१ या जनुकावर काम करताना कंट्रोल म्हणून ‘सुलटा’ (संदेशासारखाच) आरएनएही टोचला, आणि परिणाम दोन्हीकडे तोच आला. कंट्रोलच काम करतोय म्हणजे काय? उत्तर तीन वर्षांनी मिळालं. काम करणारा असतो तो दुपेडी आरएनए, आणि तोही पेशीमागे काही मोजके रेणू असले तरी पुरतो. एकपेडी आरएनए बनवताना त्यात थोडा दुपेडी मिसळलेला असणार, असा संशय त्यातूनच बळावला. या शोधाला २००६ चं नोबेल मिळालं. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर लावायला हवी, कारण ती सुरू होते एका विचित्र वागणाऱ्या कंट्रोलपासून.

मोजके रेणू पुरतात कसे? कृमीच्या पेशीत गेलेला लांब दुपेडी आरएनए डायसर हे विकर (एन्झाइम) साधारण २३ अक्षरांच्या तुकड्यांत कापतं; आरएनएची एकेक कडी म्हणजे एक अक्षर. त्यातली एक पेड आरडीई-१ नावाचं आर्गोनॉट प्रथिन धरून ठेवतं, दुसरी टाकून देतं. धरलेली पेड जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधते. मग कृमीतलं आणखी एक विकर, आरएनएवरून आरएनए बनवणारं, त्या संदेशवाहकाचाच साचा वापरून २२ अक्षरी नवे छोटे आरएनए मोठ्या संख्येने तयार करतं. ठिणगी आपली, वणवा कृमीचा. माणसाच्या पेशीत हे वाढवणारं विकर नाही. शिवाय लांब दुपेडी आरएनए दिसला की तिथे विषाणू आल्याचा गजर होतो आणि इंटरफेरॉनची यंत्रणा जागी होते. म्हणून सस्तन प्राण्यांच्या बहुतेक पेशींत हे जमायला २००१ उजाडलं, जेव्हा टुशल यांच्या गटाने आधीच कापलेले २१ अक्षरी तुकडे वापरले.

सामान मिळवताना

जीवाणू कुठलाही चालत नाही. इ. कोलायचा एचटी११५(डीई३) हा वाण लागतो, आणि त्याला दोन कारणं आहेत. त्याच्यात दुपेडी आरएनए कापणारं आरएनेझ-३ हे विकर नसतं, त्यामुळे बनलेला माल टिकतो. आणि त्याच्यात टी७ पॉलिमरेझ या डीएनए वाचून आरएनए बनवणाऱ्या विकराचं जनुक असतं, जे आयपीटीजी हे रसायन दिल्यावर चालू होतं. प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूतलं डीएनएचं छोटं कडं, एल४४४०. त्यात एकमेकांकडे तोंड केलेले दोन टी७ प्रवर्तक (वाचन जिथून सुरू होतं त्या जागा) असतात आणि मधे आपल्या जनुकाचा तुकडा. दोन्ही बाजूंनी वाचन झालं की दोन पेडी बनतात आणि जुळतात. (एल४४४० आणि पुढे येणारी ‘एल४’ अवस्था यांचा काहीही संबंध नाही. दरवर्षी कोणीतरी गोंधळतंच.)

बहुतेक जनुकांचे तयार क्लोन, म्हणजे त्या जनुकाचा तुकडा घातलेलं प्लाझ्मिड बाळगणारे जीवाणू, मिळतात. केंब्रिजच्या आरिंजर गटाने केलेल्या संग्रहात कृमीच्या सुमारे ८६ टक्के जनुकांचे क्लोन आहेत. स्वतः बनवायचा असेल तर ५०० ते १००० अक्षरांचा, शक्यतो एक्झॉनमधला (संदेशात टिकणाऱ्या भागातला) तुकडा घ्या आणि तो दुसऱ्या कुठल्या जनुकाशी सलग २१ अक्षरं जुळत नाही ना, हे पाहून घ्या. जुळला तर तेही जनुक दबेल आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा अभ्यास करत बसाल.

कृमी मिनेसोटा विद्यापीठातल्या सीनोऱ्हॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटरकडून मागवता येतात, पण आधी जवळपास विचारा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये या कृमीवर काम चालतं, आणि कृमीवाल्यांत मागितलं की देण्याची रीत आहे. दोन वाण घ्या: नेहमीचा एन२ आणि आरडीई-१ बिघडलेला. दुसऱ्याचं काम पुढे कळेल. जीवाणू जनुकबदल केलेला असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्यायची, प्रयोग झाल्यावर नाही.

चार क्लोन हवेत. रिकामा एल४४४० (जनुकाचा तुकडा नसलेला, तुलनेसाठी), अन्क-२२, पॉस-१ आणि डीपीवाय-१०. पॉस-१ दबलं की अंडी फुटत नाहीत; डीपीवाय-१० दबलं की कृमी बुटके, जाडसर होतात. तीन जनुकं तीन वेगवेगळ्या प्रकारच्या परिणामांची, म्हणजे एक फसलं तरी दुसरं बोलेल.

पहिला दिवस: बशा आणि स्ट्रीक

एनजीएम या कृमी वाढवण्याच्या माध्यमाच्या २५० मिलिलिटरमधून ६ सेंटिमीटरच्या साधारण पंचवीस बशा होतात. सोडियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम, पेप्टोन ०.६२५ ग्रॅम, अगार ४.२५ ग्रॅम, पाणी २४४ मिलिलिटर. ऑटोक्लेव्ह करा. हाताला सोसेल इतकं, म्हणजे ५५ अंशांपर्यंत निवलं की पुढच्या गोष्टी याच क्रमाने, प्रत्येक वेळी ढवळून: १ मोलर कॅल्शियम क्लोराइड पाव मिलिलिटर; १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट पाव मिलिलिटर; इथेनॉलमधलं कोलेस्टेरॉल, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणातलं, पाव मिलिलिटर; आणि शेवटी पीएच ६ चं १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट सव्वासहा मिलिलिटर. फॉस्फेट आधी घालून न ढवळता कॅल्शियम ओतलंत तर पांढरा साका बसतो. कोलेस्टेरॉल विसरू नका, कृमीला ते स्वतः बनवता येत नाही.

आता खास या प्रयोगाचं: १ मोलर आयपीटीजी २५० मायक्रोलिटर, म्हणजे बशीत १ मिलिमोलर. आणि कार्बेनिसिलिन, मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम पडेल असं. अँपिसिलिन स्वस्त पडतं हे खरं, पण ते बशीत लवकर संपतं आणि मग प्लाझ्मिड टाकून दिलेले जीवाणू मजेत वाढतात. काटकसर दुसरीकडे करा.

बशा उघड्या न ठेवता दोन दिवस खोलीत सुकू द्या. नंतर राहिलेल्या फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये, आणि दोन आठवड्यांत संपवा. आयपीटीजीच्या जुन्या बशा वापरून ‘परिणाम आला नाही’ म्हणणारे मी इतके पाहिलेत की आता पहिला प्रश्न तारखेचाच विचारतो.

त्याच दिवशी चारही क्लोन एलबी या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या अगारवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढून सुट्या वसाहती वाढू द्या. या बशीत अँपिसिलिन १०० आणि टेट्रासायक्लिन १२.५ मायक्रोग्रॅम दर मिलिलिटर. टेट्रासायक्लिन इथेच, कारण एचटी११५ ची ओळख त्याच्या टेट्रासायक्लिन-प्रतिकारावरून पटते. चारण्याच्या बशीत मात्र ते घालू नका. घातलं तर परिणाम मंदावतो.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकेक वसाहत उचलून ३ मिलिलिटर एलबीत सोडा, फक्त अँपिसिलिन घालून, आणि ३७ अंशांना रात्रभर शेकरवर. सकाळी प्रत्येक बशीच्या मध्यभागी १०० मायक्रोलिटर. कडेपर्यंत पसरवायचं नाही. जीवाणू कडेला गेले की कृमी त्यांच्या मागे जातात, बशीच्या भिंतीवर चढतात आणि तिथे वाळून मरतात. मग मोजताना दहापैकी चार कुठे गेले, हे कळत नाही.

बशांवर नाव लिहू नका. एकाने क्रमांक टाकायचे, वहीत कोणता क्रमांक काय ते लिहायचं, आणि मोजणाऱ्याने ती वही उघडायची नाही. थरथर ही डोळ्याने ठरवायची गोष्ट आहे. ‘ही अन्क-२२ ची बशी’ हे ठाऊक असलं की साधा सळसळणारा कृमीही थरथरताना दिसतो. बशा रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा. या वेळात आयपीटीजीमुळे जीवाणूंत दुपेडी आरएनए साठतो.

पाचवा दिवस: कृमी सोडणे

इथे खरं हस्तकौशल्य. एल४ म्हणजे प्रौढ होण्याआधीची शेवटची अळी-अवस्था. ओळखायची खूण सुंदर आहे: शरीराच्या मध्यावर, कडेला, एक छोटा पांढरा अर्धचंद्र. तो दिसला की एल४. पोटात अंडी दिसत असतील तर उशीर झालाय, कारण ती अंडी आपला आरएनए मिळण्याआधी बनलीत.

प्लॅटिनम तारेच्या टोकाने एल४ कृमी उचला आणि आधी जीवाणू नसलेल्या बशीवर अर्धा तास फिरू द्या. अंगाला चिकटलेले ओपी५०, म्हणजे रोजच्या जेवणाचे जीवाणू, गळून पडतात. नाहीतर नव्या बशीवर तेही वाढतात आणि तुमचा पाहुणा घरचंच जेवत राहतो. मग प्रत्येक बशीवर पाच कृमी, प्रत्येक क्लोनच्या तीन बशा. आरडीई-१ वाण फक्त रिकाम्या आणि अन्क-२२ च्या बशीवर.

सगळं २० अंशांच्या बीओडीत. आता बीओडीबद्दल एक रडगाणं. एका मे महिन्यात शनिवारी आमची वीज गेली, परत आली, पण बीओडीचा स्विच खालीच राहिला. सोमवारी बघतो तर पॉस-१ च्या बशीत पिल्लं जवळजवळ नाहीत. मुलं खूश, प्रयोग यशस्वी! मग कोणीतरी रिकाम्या एल४४४० ची बशी उघडली. तिथेही पिल्लं नाहीत. हा कृमी २५ अंशांच्या वर त्रासतो आणि आणखी वर गेलं की वांझ होतो. मेमधल्या बंद खोलीत दुसरं काय होणार. ती रिकामी बशी नसती तर आम्ही आनंदाने चुकीचा अहवाल लिहिला असता. तेव्हापासून आत एक साधा कमाल-किमान थर्मामीटर असतो.

सहावा ते नववा दिवस: बघणे

चोवीस तासांनी आई-कृमींना त्याच क्लोनच्या ताज्या बशीवर हलवा. ही पायरी लोक गाळतात. पहिल्या दिवसाची अंडी अर्धवट परिणामाची असतात. त्यांच्यामुळे निकाल पातळ होतो.

पॉस-१ सर्वांत आधी बोलतं. ताज्या बशीवर काही तास अंडी घालू द्या, आई काढून टाका, अंडी मोजा. पुढच्या चोवीस तासांत फुटलं नाही ते अंडं मेलेलं. रिकाम्या बशीवर जवळपास सगळी फुटलेली हवीत.

डीपीवाय-१० आणि अन्क-२२ साठी पिल्लं मोठी होईपर्यंत, म्हणजे आणखी साधारण तीन दिवस थांबा. बुटके लगेच ओळखू येतात. थरथर मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला निसटते. कृमी सरपटतोय तसा बघू नका. तो थांबला की अंगाच्या कडेकडे बघा. कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं बारीक कंपन दिसतं. अन्क-२२ हे ट्विचिन नावाच्या महाकाय स्नायू-प्रथिनाचं जनुक आहे, ते कमी पडलं की स्नायूंचं आकुंचन ताळ्यावर राहत नाही. तरीही खात्री नसेल तर १ मिलिमोलर लेव्हामिसोलच्या थेंबात कृमी सोडा. हे तेच औषध, जे जनावरांना जंतांसाठी देतात. साधा कृमी त्यात ताठ होऊन पडतो. अन्क-२२ दबलेला थरथरतच राहतो. हातमोजे घाला.

आणि आता तो दुसरा वाण. अन्क-२२ च्या बशीवरचे आरडीई-१ कृमी थरथरता कामा नयेत. त्यांच्यात आपला तुकडा धरणारं आर्गोनॉटच नाही. ते शांत आणि एन२ थरथरतात, असं दिसलं तरच म्हणायचं की परिणाम आरएनएआयचा. तो जीवाणूतल्या विषाचा, वाईट अन्नाचा किंवा खराब बशीचा नाही.

काहीच झालं नाही तर

तिन्ही क्लोनवर काही नाही, तर दोष बशीत किंवा जीवाणूत. आयपीटीजी, प्रतिजैविक, वसाहत किती दिवसांची, हे तपासा. फ्रीजमधली जुनी वसाहत वापरू नका. ग्लिसरॉलच्या साठ्यातून नव्याने स्ट्रीक करा. दोन चालले आणि एक नाही, तर त्या क्लोनचं प्लाझ्मिड काढून सीक्वेन्स करून घ्या. संग्रहातल्या नळीवर लिहिलेलं नाव आणि आतलं जनुक नेहमी एकच असतं असं नाही.

कंट्रोल तिन्ही चालले आणि तुमच्या आवडीच्या जनुकाने मात्र काही दाखवलं नाही, तर ‘या जनुकाचं इथे काम नाही’ असं लिहू नका. आरएनएआय जनुक काढून टाकत नाही, फक्त संदेश कमी करतो. उरलेला संदेश पुरेसा असू शकतो, प्रथिन दीर्घायुषी असू शकतं, किंवा त्याचा भाऊ-जनुक काम सांभाळत असेल. आणि जनुक चेतापेशीतलं असेल तर खास अडचण: दुपेडी आरएनए पेशीत घेणारी एसआयडी-१ ही वाट बहुतेक चेतापेशींत नसते, त्यामुळे चारलेलं तिथे पोचतच नाही. अशा वेळी आरआरएफ-३ किंवा ईआरआय-१ बिघडलेले संवेदनशील वाण वापरतात, पण ते २५ अंशांना वांझ होतात, तेव्हा बीओडीवर आणखी बारीक लक्ष.

संदेश खरोखर कमी झाला का हे क्यूपीसीआर या मोजणीच्या पद्धतीने बघता येतं. इथला सापळा कोणी सांगत नाही. प्रायमर (मोजायचा भाग ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) जर क्लोनमधल्याच तुकड्यावर बेतले असतील, तर कृमीच्या आतड्यातल्या जीवाणूंचा दुपेडी आरएनएही मोजला जातो, आणि जनुक दबण्याऐवजी शंभरपट वाढल्यासारखं दिसतं. निदान एक प्रायमर तुकड्याच्या बाहेर हवाच.

‘सर, बोंडअळीवर चालेल का?’

विदर्भातला किंवा मराठवाड्यातला एक तरी विद्यार्थी हे विचारतोच. चारून जनुक दाबणं प्रत्येक प्राण्यात चालत नाही. भुंगेऱ्यांत ते छान चालतं: अमेरिकेत मक्याच्या मुळावरच्या भुंगेऱ्याविरुद्ध दुपेडी आरएनए बनवणाऱ्या मक्याला २०१७ साली मंजुरी मिळाली आणि बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी फवारणीचं औषध २०२३ साली आलं. पण गुलाबी बोंडअळी पतंगवर्गातली, आणि त्या वर्गात तोंडावाटे दिलेला दुपेडी आरएनए बऱ्याचदा आतड्यातच तुटतो. म्हणून कृमीत सोपं ते कापसात सोपं नाही. औषधांत मात्र यकृतापर्यंत माल पोचवण्याची युक्ती सापडली आणि २०१८ साली पॅटिसिरान हे पहिलं एसआयआरएनए (छोट्या दुपेडी आरएनएचं) औषध अमेरिकेत मंजूर झालं. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचायचं.

आणि हे सगळं बाहेरून घातलेल्या आरएनएचं. कृमी स्वतःही छोटे आरएनए बनवतो. व्हिक्टर अँब्रॉस यांच्या गटाला १९९३ साली लिन-४ सापडला, प्रथिन न बनवणारा जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए, जो लिन-१४ या जनुकाला वेळेवर गप्प करतो. ते नेमकं कसं होतं हे गॅरी रुव्हकुन यांच्या गटाने दाखवलं. बरीच वर्षं ती कृमीची लहर समजली गेली. असाच दुसरा छोटा आरएनए (मायक्रोआरएनए), लेट-७, २००० साली माणसातही सापडला तेव्हा लोक दचकले. दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं.

आवरताना

सगळ्या बशा ऑटोक्लेव्ह करूनच टाका. पण थरथरणारी चार-पाच पिल्लं ठेवून द्या. त्यांना साध्या ओपी५० च्या बशीवर सोडा, जिथे दुपेडी आरएनए अजिबात नाही. त्यांची पिल्लं, मग त्या पिल्लांची पिल्लं, दर तीन-चार दिवसांनी बघत राहा आणि प्रत्येक पिढीत थरथरणारे किती ते लिहा. अन्क-२२ चा परिणाम साधारण एक-दोन पिढ्यांत विरतो. जननपेशींतल्या काही जनुकांचा मात्र जास्त पिढ्या टिकतो, कारण तिथे एचआरडीई-१ नावाचं वेगळं आर्गोनॉट छोटे आरएनए पुढच्या पिढीकडे पोचवतं. त्यासाठी जननपेशींत हिरवं प्रथिन बनवणारा कृमी आणि त्या प्रथिनाविरुद्धचा क्लोन घ्या. चमक कितव्या पिढीत परत येते, हे फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर एका महिन्यात मोजून होतं.